खाली बघणारा आणि खिसे चाचपणारा

गेल्या अंकात संपादकांनी जाहीर केलं होतं, ‘शहर बसमधल्या तिकीट-तपासणीबद्दल काहीही विचारा, उत्तरं एक निवृत्त तपासनीस देतील.’ तो तपासनीस मी. 19 वर्षं कंडक्टर, 14 वर्षं तपासनीस. कोणत्या शहरात ते लिहीत नाही, कारण माझ्या हाताखाली तयार झालेली पोरं अजून ड्यूटीवर आहेत. पत्रलेखकांची नावंगावंही त्याच न्यायानं गाळली आहेत. पत्रं 42 आली. निम्म्यांत प्रश्न नव्हताच, नुसता राग होता. तो पोचला. उरलेल्यांतली ही काही.

प्रश्न : ऑफिसच्या गर्दीत चढले, कंडक्टरला वीसची नोट दिली. ‘देतो, पुढे व्हा’ म्हणाला. पुढे झाले. चौथ्या स्टॉपला चेकर चढले. माझ्याकडे तिकीट नाही आणि कंडक्टर सरळ म्हणतो, ‘यांनी पैसेच दिले नाहीत.’ सगळ्या बससमोर दंड भरला. मी 46 वर्षांची शिक्षिका आहे. माझं काय चुकलं?

उत्तर : बाई, ‘पुढे व्हा’ म्हटल्यावर तुम्ही पुढे झालात, एवढंच चुकलं. नोट हातातून सुटली की दुसरा हात तिकिटासाठी पसरलेला हवा. मागचा ढकलेल, कंडक्टर वैतागेल, वैतागू द्या. तिकीट हातात पडेपर्यंत तिथून हलायचं नाही.

तो खोटं का बोलला तेही सांगतो. त्याची बाजू घेत नाही, नुसतं सांगतो. साठ-सत्तर माणसं कोंबलेली, सुट्ट्या पैशांची बोंब, त्यात एखाद्याचं तिकीट खरंच राहून जातं. चेकर दिसला की मग त्याला आठवतं. आता ‘पैसे घेतले पण तिकीट दिलं नाही’ असं कबूल केलं तर प्रकरण अफरातफरीत जातं. ‘पैसेच घेतले नाहीत’ म्हटलं तर नुसता हलगर्जीपणा. दोन्हींत मेमो, म्हणजे खात्याची लेखी नोटीस, मिळतेच, पण पहिल्यात नोकरी जाते. त्या दोन सेकंदांत माणूस आपली नोकरी वाचवतो आणि समोरच्याची अब्रू जाते.

तुम्ही तिथल्या तिथे एकच वाक्य म्हणायला हवं होतं : ‘साहेब, आधी यांची बॅग मोजा.’

बाहेरच्यांना वाटतं की तपासणी प्रवाशांची असते. बसमध्ये चढल्यावर आमची पहिली नजर कंडक्टरवर जाते. पूर्वी वे-बिल, म्हणजे कंडक्टरचा हिशोबाचा कागद, ताब्यात घ्यायचो. त्यावर प्रत्येक स्टेजला, म्हणजे भाड्याच्या टप्प्याला, तिकिटांच्या कुठल्या गड्डीचा कितवा नंबर चालू आहे ते त्यानं लिहिलेलं असायचं. आता मशीन हातात घेतलं की तेवढंच कळतं. किती तिकिटं फाडली, किती रुपये झाले. मग बॅगेतली रोकड मोजायची. कंडक्टरचे स्वतःचे पैसे किती, हे ड्यूटी सुरू होतानाच लिहून द्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक जण म्हणेल की हे माझ्या घरचे. बॅगेत हिशोबापेक्षा कमी निघाले तर तो वेंधळा. जास्त निघाले तर चोर. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. जास्त पैसे म्हणजे कुणीतरी दिलेत आणि त्याचं तिकीट फाटलेलं नाही.

हे मी शिकलो ते असं. तपासनीस होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. पावसाळा, दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी. सरकारी हॉस्पिटलच्या अलीकडच्या स्टॉपला चढलो. मागच्या दारापाशी एक माणूस, गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात पेजेचा डबा फडक्यात बांधलेला. तिकीट नाही. म्हणाला, ‘पैसं दिलं की हो त्यांना.’ कंडक्टर म्हणाला नाही. मी पावती फाडली. त्यानं डबा दोन पायांत धरला, रुमालाची गाठ सोडली आणि नाण्यानाण्यानं पैसे मोजून दिले. हॉस्पिटल आलं, तो उतरला. मग मी बॅग मोजली. साडेतीन रुपये जास्त. त्याचं भाडं साडेतीन रुपये होतं.

कंडक्टरवर केस केली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलो, तिसऱ्या दिवशीही. डबेवाले पुष्कळ उतरले, तो काही दिसला नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझा क्रम ठरलेला, आधी बॅग आणि मग प्रवासी.

तुमच्या बाबतीत अजून एक करता येईल. दंडाच्या पावतीवर वेळ आणि बस नंबर असतोच. तारीख जुनी झाली नसेल तर त्या फेरीची कॅश जमा झाल्याचा हिशोब तपासा, असा लेखी अर्ज द्या. आणि कायदा तुमच्या बाजूनंही आहे. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 178. त्यात बिनतिकीट प्रवाशाला 500 रुपयांपर्यंत दंड आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. भाडं घेऊन तिकीट न देणाऱ्या किंवा कमी रकमेचं तिकीट देणाऱ्या कंडक्टरलाही त्याच कलमात 500 पर्यंतच दंड आहे, हे बसमध्ये कुठेच रंगवलेलं नसतं.

प्रश्न : माझं भाडं 25 रुपये आहे. संध्याकाळच्या बसचा कंडक्टर ओळखीचा झालाय. तो 15 घेतो, तिकीट देत नाही. माझे 10 वाचतात, त्याला 15 मिळतात. बस तर जाणारच असते. यात नुकसान नेमकं कुणाचं?

उत्तर : तुमचंच. कसं ते सांगतो.

आमच्याकडे भाजी मार्केटवरून रात्री साडेअकराला सुटणारी एक शेवटची फेरी होती. हमाल, पोळीभाजी केंद्रातल्या बायका, सिनेमाच्या थिएटरातले डोअरकीपर असे सगळे त्या बसला असायचे. बस भरून जायची, मी स्वतः पाहिलेली आहे. पण त्या रूटवर तुमच्यासारखाच सलोखा होता. अर्धे द्या, तिकीट राहू द्या. रात्री त्या भागात चेकिंगला कुणी जायचं नाही. आगारात वे-बिल जमा व्हायचं तेव्हा कागदावर प्रवासी किती? कधी नऊ, कधी अकरा.

फेऱ्यांचा हिशोब किलोमीटरमागे उत्पन्न किती यावर होतो. ते जिथं तळाला, ती फेरी आधी कापली जाते. ही कापली. महिन्याभरात 60-70 जणांच्या सह्यांचा अर्ज घेऊन लोक आले. साहेबांनी शांतपणे तीन महिन्यांची वे-बिलं टेबलावर पसरली. म्हणाले, ‘या बसला तर दहा माणसंसुद्धा नव्हती. तुम्ही एवढे सगळे कुठून आलात?’ कुणाला उत्तर देता येईना. जे देता आलं असतं ते देण्यासारखं नव्हतं. अर्ज घेऊन आलेल्यांत एक बाई रोज पूर्ण पैसे देऊन तिकीट घेणारी होती. त्यानंतर ती दीड तास चालत घरी जायची.

तुमची संध्याकाळची बस अजून चालू आहे ना? मग आजपासून 25 द्या आणि कागद मागून घ्या. बस कागदावर चालते.

प्रश्न : मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. गणित मांडलंय. मुंबईत साध्या बसचं किमान तिकीट 10 रुपये. रोज दोन फेऱ्या, 25 दिवस, म्हणजे 500. बिनतिकीट गेलो आणि महिन्यातून दोनदा पकडला गेलो तरी दंड 500 होत नाही. चुकलं का काही?

उत्तर : आकडेमोड बरोबर आहे. बेस्टचा नियम भाडं अधिक भाड्याच्या दहापट असा. म्हणजे 110 रुपये, दोनदाचे 220. जुलै 2019 ते मे 2025 मध्ये किमान तिकीट 5 रुपये होतं तेव्हा तर एका वेळचा दंड 55 च झाला असता. पुण्यात पीएमपीएमएलचा दंड 500 आहे, तिथं एकाच फटक्यात महिना गेला. पण पोरा, तू रेल्वेचं गणित बसला लावलंस. लोकलच्या डब्यात तुझ्या आणि टीसीच्या मध्ये कुणी नसतं. बसमध्ये कंडक्टर असतो. चेकर महिन्यातून दोनदा येईल, कंडक्टर रोज दोनदा तुझ्यासमोरून जाणार. तुला 50 वेळा त्याला चुकवायचंय. पास असल्यासारखी मान हलवायची, मागून पुढे सरकायचं, कानात वायर घालून खिडकीबाहेर बघायचं. आठ दिवसांत तो तुला ओळखतो. मग तो काय करतो? बहुतेक वेळा काहीच नाही, कारण भांडायला वेळ नसतो. आणि ज्या दिवशी चेकर चढतो त्या दिवशी 110 तुझे जातात आणि मेमो त्याला मिळतो.

1977 मध्ये हरियाणाच्या एका कंडक्टरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. फिरत्या पथकानं तपासलेले प्रवासी म्हणाले की पैसे दिलेत, पण तिकिटं कुणाकडेच नव्हती. त्यांचे लेखी जबाब घेतलेले नव्हते. न्यायालयानं सांगितलं की खात्याच्या चौकशीत ते असलेच पाहिजेत असं नाही, तपासनिसाची साक्ष पुरे. कंडक्टरची नोकरी गेली. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे प्रकरण नवीन पोरांना सांगायचे. वर्गात आवाज बंद व्हायचा. तुझ्या कॉस्ट अकाउंटिंगमध्ये दुसऱ्याच्या खात्यावर पडणारा खर्च कुठल्या रकान्यात लिहितात?

प्रश्न : चेकरला बघताक्षणी कसं कळतं, कोणाकडे तिकीट नाही ते?

उत्तर : बघताक्षणी कळत नाही. तसं म्हणणारे चेकर थापा मारतात.

पण ‘तिकीट?’ म्हटल्यावर जे होतं त्यावरून कळतं. ज्यानं तिकीट घेतलेलं असतं आणि आता सापडत नाहीये, तो खाली बघतो. पायाशी, सीटखाली, शेजारच्याच्या चपलेखाली. त्याला खात्री असते की वस्तू होती, म्हणजे पडली असणार. ज्यानं घेतलेलंच नाही तो खाली कधी बघत नाही. तो खिसे चाचपतो. आधी शर्टाचा, मग पँटचे दोन, मग मागचा, मग पाकीट उघडून एकेक कप्पा, सगळं सावकाश आणि आपल्याला दिसेल असं. आईनं लहानपणी शिस्त लावली असावी असं वाटतं. मी 14 वर्षांत खाली बघणाऱ्याला एकदाही दंड केला नाही. मशीनवर त्या स्टेजचं, त्या रकमेचं तिकीट निघालेलं दिसायचंच.

सोंग घेऊन झोपणाऱ्याची खूण वेगळी. खरा झोपलेला माणूस ब्रेक लागला की पुढे कलतो आणि मग जागा होतो. सोंगवाला ब्रेक लागायच्या आधीच सावरून बसलेला असतो.

आणि तिकीट लोक कुठेकुठे ठेवतात! घड्याळाच्या पट्ट्यात, कानाच्या मागे, बांगड्यांच्या मध्ये, हरिपाठाच्या पुस्तकात, दातांत धरून. दातांतलं मी नुसतं डोळ्यांनी तपासायचो. एका आजींनी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं होतं. ती गाठ सुटेना. मी म्हटलं राहू द्या. तर म्हणाल्या, ‘का राहू द्या? माझ्यावर शक?’ दोन स्टॉप गेले. गाठ सुटली. आत तिकीट होतं, बडीशेप होती आणि दुसऱ्या कुठल्यातरी दिवसाचं अजून एक तिकीट होतं. त्यांनी मला दोन्ही तपासायला लावली.

प्रश्न : मी 77 वर्षांचा. एसटीत आम्हाला फुकट. तरी कंडक्टर म्हणतो तिकीट घ्या. शून्य रुपयांचं तिकीट! कागद वाया घालवायचा हा काय उद्योग? मी सरळ नाही म्हणालो, तर त्यानं मला नातवंडांसमोर सुनावलं.

उत्तर : आजोबा, सुनावलं ते वाईट. पण तिकीट घ्याच. 75 वर्षांवरच्यांची ती सवलत ऑगस्ट 2022 पासून आहे, अन् ‘फुकट’ म्हणजे तुमच्याकडून फुकट. तुमच्या वाटचे पैसे सरकारनं महामंडळाला द्यायचे असतात आणि ते मोजायचे कशावरून? त्या शून्याच्या तिकिटांवरून. दिल्लीत 2019 च्या भाऊबीजेला बायकांना बस मोफत झाली तेव्हा गुलाबी तिकीट निघालं. प्रत्येक गुलाबी तिकिटामागे दिल्ली सरकार बसवाल्यांना 10 रुपये द्यायचं. कर्नाटकात जून 2023 पासून बायकांना शून्य तिकीट देतात ते याचसाठी. तुम्ही कागद वाचवायला गेलात की तेवढी रक्कम एसटीची बुडाली. बिनतिकीट प्रवासाचा हा एकच प्रकार मला माहीत आहे ज्यात प्रवाशाचा एक पैसाही वाचत नाही.

आणि शून्याचं का होईना, तिकीट नसलं तर तपासणीत केस कंडक्टरवर होते. म्हणून तो चिडला असेल.

प्रश्न : चेकर अंगाची झडती घेऊ शकतो का?

उत्तर : नाही. खिशात, पर्समध्ये हात घालायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं. मागायचं, थांबायचं. दंड भरत नसेल तर पोलिसांकडे न्यायचं. तिथं काय ते होतं. बहुतेक लोक पोलीस चौकीची पाटी दिसली की पैसे काढतात.

प्रश्न : चढून दोन मिनिटंही झाली नव्हती आणि चेकर आले. कंडक्टर माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. तरी हुज्जत.

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं 124 वं कलम सांगतं की तिकीट बसमध्येच मिळत असेल तर आधी चढायला हरकत नाही, पण चढल्यावर होईल तितक्या लवकर भाडं द्यायचं. ‘होईल तितक्या लवकर’ म्हणजे किती, यावर मी निम्मी नोकरी भांडलो. माझा नियम असा होता की तुम्ही कुठल्या स्टॉपला चढलात ते सांगा आणि कंडक्टर त्या वेळी कुठे उभा होता ते सांगा. दोन्ही उत्तरं जुळली तर तुम्ही खरे. चार स्टॉप मागे चढलेला माणूस कंडक्टरबद्दल नेहमी चुकीचं सांगतो, कारण तो तेव्हा कंडक्टरकडे बघतच नसतो.

प्रश्न : लेकीकडे जर्मनीला गेले होते. ट्रामचं तिकीट मशीनमधून रीतसर काढलं, पण त्यावर शिक्का मारायचा राहिला. जीन्स घातलेल्या दोन पोरांनी ओळखपत्र दाखवून 60 युरो घेतले. तिकीट असूनही विनातिकीट?

उत्तर : हो, दुर्दैवानं. त्या शहरात तुम्ही घेतलेल्या प्रकारचं तिकीट शिक्का बसेपर्यंत कोरंच धरतात, नाहीतर तेच तिकीट माणूस महिनाभर खिशात घेऊन फिरेल. आपल्याकडचा कंडक्टर हा चालताबोलता शिक्का आहे, म्हणून आपल्याला ती सवय नाही. तिथं कंडक्टर नाही, फाटक नाही, सगळी भिस्त अचानक होणाऱ्या तपासणीवर. म्हणून दंडही जबर. पूर्वी 40 युरो होता, 2015 मध्ये 60 केला. शिवाय जाणूनबुजून बिनतिकीट जाणं तिथल्या फौजदारी कायद्यातही गुन्हा आहे.

साध्या कपड्यांचं वाचून मात्र हेवा वाटला. आम्ही गणवेशात. स्टॉपवर उभे राहिलो की समोरून येणारा ड्रायव्हर आमच्या मागच्या गाडीला दिवे मारून कळवायचा. बस आमच्यापर्यंत येईतो आतले सगळे तिकीटधारी झालेले. एकदा तर बस थांबल्यावर चौघे जण घाईघाईनं मागच्या दारानं उतरले आणि आमच्याच शेजारी, जणू आत्ताच आलोय असे, त्याच बसची वाट बघत उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, ‘चढा, हीच आहे तुमची.’

लक्झेंबर्ग देशानं 2020 मध्ये बस, ट्राम आणि रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंच काढून टाकलं. तिथल्या तपासनिसांचं पुढे काय झालं असेल, हे मला अधूनमधून आठवत असतं.

प्रश्न : मुलाचं वय कमी सांगणाऱ्या पालकांना कसं पकडता?

उत्तर : वय विचारायचंच नाही. वय घरून पाठ करून आलेलं असतं. मुलाला हसवायचं. पुढचे दोन दात पडलेले दिसले की सहावं लागलेलं आहे. नाहीतर ‘बाईंचं नाव काय तुझ्या?’ विचारायचं. अंगणवाडीतलं पोर ‘ताई’ म्हणतं, शाळेतलं पोर आडनावासकट सांगतं.

दंड मात्र कधी केला नाही. आईबापाला हळूच सांगायचो, अर्धं घ्या. मुलासमोर आईला खोटं पाडायचं आणि दंडही घ्यायचा, एवढं आमचं खातं काही गरीब नव्हतं.

प्रश्न : ट्राम-बसमध्ये तिकीट देण्याची पद्धत कुणी काढली? सुरुवातीपासून होती का?

उत्तर : मुंबईपुरतं सांगतो. 9 मे 1874 ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी. भाडं तीन आणे, आणि तिकीट म्हणून काही नव्हतंच. पैसे द्या, बसा. भाडं लवकरच दोन आण्यांवर आलं. पण लोक फुकट बसायला लागले म्हणून त्याच वर्षात छापील तिकिटं आणावी लागली. म्हणजे आधी चुकवेगिरी आली, तिकीट तिच्या मागून आलं. पेट्रोलवरची बस जुलै 1926 मध्ये आली तोवर तिकीट मुरलेलं होतं.

माझ्या काळातलं तिकीट पातळ रंगीत कागदाचं. पंचनं स्टेजच्या आकड्यावर भोक पाडायचं. त्या भोकांच्या टिकल्या पंचच्या पोटात साठायच्या आणि नको तिथे सांडायच्या. खाकी पँटच्या दुमडीत, टिफिनमध्ये, देवघरात. बायको कपडे धुताना वैतागायची. धाकटी मुलगी त्या गोळा करून बाहुलीला लावायची, हिरवी तिकिटं चालू असतील त्या आठवड्यात बाहुलीला हिरव्या. लोक टाकून दिलेली तिकिटं वेचून पुन्हा विकणारे कंडक्टरही त्या काळचेच. म्हणून आम्ही भोकाच्या कडा बघायचो. ताज्या भोकाची कड बोटाला लागते. जुन्याची बसलेली असते.

प्रश्न : मशीनच्या तिकिटावरची अक्षरं दोन तासांत उडाली. चेकरला कोरा कागद दाखवायचा का? ऑफिसात प्रवासभत्त्यालाही तोच मागतात.

उत्तर : तो उष्णतेनं छापणारा कागद असतो, उष्णतेनंच काळा पडतो किंवा विटतो. मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवू नका, तिथं सगळ्यात जास्त तापतं. घामाच्या खिशातही नको. पुस्तकात ठेवा, आणि भत्त्यासाठी लगेच फोटो काढा. तपासणीत मात्र फोटो चालत नाही. एका तिकिटाचा फोटो दहा जणांच्या फोनमध्ये जाऊ शकतो. मोबाइल तिकिटाचंही तेच, ते अॅपमध्येच उघडून दाखवायचं. यूपीआयनं पैसे गेले पण तिकीट आलं नाही, असं विचारणारी सात पत्रं आहेत. बँकेचा मेसेज म्हणजे तिकीट नव्हे. पण तो चांगला साक्षीदार आहे, त्यात वेळ मिनिटासकट असते. दाखवा, आणि पुन्हा तेच, ‘मशीन बघा’ म्हणा.

प्रश्न : खरं सांगा, तुम्ही स्वतः कधी बिनतिकीट गेलात का?

उत्तर : एकदा. निवृत्तीनंतर दुसऱ्या आठवड्यात. 33 वर्षं खिशात ड्यूटी पास, त्यामुळे बसमध्ये चढून पैसे द्यायचे असतात हे हाताला माहीतच नव्हतं. सवयीनं कंडक्टरच्या सीटशेजारी जाऊन उभा राहिलो. तीन स्टॉप झाले. एक बाई सुट्ट्या पैशांवरून भांडायला लागल्या तेव्हा लक्षात आलं. कानशिलं तापली. घाईनं नोट काढली. तो पोरगा, जेमतेम तिशीचा, मला ओळखून होता. म्हणाला, ‘साहेब, राहू द्या ना.’

मी म्हटलं, फाड तिकीट. तो हसला. मी परत म्हटलं, फाड. त्यानं मशीनवर दोन बटणं दाबली, कागद दिला, उरलेले पैसे माझ्या मुठीत कोंबले आणि पुढे निघून गेला. बसमध्ये गर्दी होती, चष्मा खिशात होता. उभ्या उभ्या चष्मा लावून वाचलं. पोरानं माझ्यावर मेहरबानी केली होती, एक स्टेज कमीचं फाडलं होतं.

हाक मारली असती तर बसभर ऐकू गेलं असतं, आणि कमी रकमेचं तिकीट दिल्याची केस त्याच्यावर होते हे मला ठाऊक नसणार तर कुणाला? तिकिटावर होतं त्या स्टेजला उतरलो आणि पुढचं चालत गेलो.